संकोच
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आताच पंगतीत वाढपी मंडळी आग्रह करीत होती, 'संकोच करू नका.' त्याच शब्दाविषयी थोडे बोलण्याची अनुज्ञा असावी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. व्युत्पत्तीचा अधिकार सांगत नाही.

संस्कृतात संकोच म्हणजे आकसणे. 'आकुंचन' हा त्याचाच भाऊबंद, धातू एकच. कमळ मिटते तो संकोच, उमलते तो विकास. रामानुजाचार्यांच्या मते जीवाचे ज्ञानही कर्मामुळे संकोच पावते आणि मुक्तीत पूर्ण विकसित होते. भयाने अंग चोरणे हाही अर्थ त्या भाषेत होता. मराठीने मुख्यतः तोच उचलला. देहाचे आकसणे मनाचे झाले. मग लाज, भीड, अवघडलेपण आणि शेवटी पोटात भूक असता 'पुरे' म्हणणे! शब्दाचा अर्थ अरुंद होण्याला भाषाशास्त्रात 'अर्थसंकोच' म्हणतात. 'मृग' म्हणजे पूर्वी कोणताही वन्य पशू, पुढे केवळ हरीण. या शब्दाला स्वतःचेच नाव लागू पडावे, ही एक गंमतच.

गंमत येथे संपते. दात्याचा हात आकसला तर 'हात आखडता घेतला' म्हणून आपण दोष देतो. गरजवंताचा आकसला तर 'फार संकोची हो!' म्हणून कौतुक करतो.

ते कौतुक मीही केले आहे. 1991 साली माझ्या वर्गातून सातवी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या एका मुलाने हायस्कुलात नाव घातले नाही. विचारले तेव्हा म्हणाला, 'सध्या घरीच राहतो, गुरुजी.' घरची अडचण जाणणारा, संकोची मुलगा, असे मी चारचौघांत सांगितले आणि त्या अडचणीची चौकशी मात्र केली नाही. पुढे कळले की, तालुक्याच्या वसतिगृहाच्या फीसाठी त्याच्या वडिलांनी ज्ञातिनिधीचा अर्ज नेला होता; परंतु साहाय्य घेणाऱ्यांची नावे अहवालात छापतात हे समजताच तो कोराच घरी ठेवला. मुलगा पुन्हा शाळेत गेला नाही.

नावे अद्यापही छापली जातात. देणगीदारांची अवश्य छापावीत, ठळक टाइपात छापावीत. घेणाऱ्यांची मात्र यंदापासून वगळावीत. किती विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली, एवढा आकडा हिशेबास पुरे. तसा लेखी ठराव मी कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.