गणवेशातील समरसता

(पुण्यात पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गणवेशाचे महत्त्व आपणांस सांगावयास नको. संघाने २०१६ च्या विजयादशमीला खाकी अर्धी विजार बदलून तपकिरी पूर्ण विजार स्वीकारली. वेश बदलला, सूत्र तेच राहिले. रांगेत उभा असलेला कारखानदाराचा मुलगा कोणता आणि हमालाचा कोणता, हे कपड्यांवरून ओळखू येऊ नये. शाळेच्या गणवेशाचेही सूत्र हेच आहे.

मात्र त्यासाठी तो प्रत्येक मुलाच्या अंगावर वेळेवर चढला पाहिजे. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेचा हेतू चांगलाच होता. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांसाठी कापड एकत्रित घ्यायचे, शिलाई महिला बचत गटांकडे द्यायची. प्रत्यक्षात २०२४ चे १५ ऑगस्टचे ध्वजवंदन आले तरी अनेक मुले जुन्याच कपड्यांत उभी होती. कुठे मापेही चुकली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ही त्रुटी झाकण्याचे कारण नाही. रंग मंत्रालयात ठरू शकतो. माप शाळेतच घ्यावे लागते.

याहून अवघड प्रश्न हायस्कूलचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंत. मोफत गणवेशाची ही योजनाही तेथेच थांबते. नववीत मुलाची उंची झपाट्याने वाढते आणि नेमका तेव्हाच सारा खर्च धुणीभांडी करणाऱ्या आईच्या माथी येतो. अशा मुलाला गणवेश नाही म्हणून वर्गाबाहेर उभे करणे ही शिस्त नव्हे. ज्या वेशाने भेद मिटवायचा, त्याच वेशाने भेद उघडा पाडण्याचा तो प्रकार आहे.

तेव्हा शाळांनी रंग साधे ठेवावेत, ते वारंवार बदलू नयेत, ठरावीक दुकानाची सक्ती करू नये. आपण घरातील आखूड झालेले, परंतु धडके गणवेश धुऊन, इस्त्री करून मे महिन्यातच शाळेत द्यावेत. शिक्षकांनी ते गरजू मुलांपर्यंत पोहोचवावेत. कोणाचे कोणाला गेले, हे मात्र कोणालाही कळू नये.

याच पुण्यात १८८० साली चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते स्वावलंबनाच्या बळावर. आपल्यापुढचे काम त्या मानाने फारच लहान आहे. येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतील एकही मूल गणवेशावाचून शाळेच्या दाराशी अडणार नाही, एवढे आपण पाहूया.