पाळण्यांतले पाय आणि मैदानावरचे पाय



मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण आपण मोठ्या विश्वासानें वापरतों. ती कितपत खरी आहे, हें आज अमेरिकेंतील एका खेळाच्या उदाहरणानें पाहूं.

खेळाचें नांव फुटबॉलच. परंतु आपल्याकडील फुटबॉलशीं त्याचें नातें थोडें. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत घेऊन पळावयाचें किंवा फेंकावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें नाहीं, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू बहुधा ज्याच्या हातीं येतो, तो क्वार्टरबॅक. धिप्पाड गडी अंगावर धांवून येत असतां, दोनतीन सेकंदांत कोणता जोडीदार मोकळा आहे हें हेरून त्यानें चेंडू फेंकावयाचा असतो. सेनापतीचेंच हें स्थान म्हणा ना !

विद्यापीठांच्या संघांत नांव मिळविलेल्या तरुणांस धंदेवाईक संघ दर वर्षीं क्रमानें निवडून घेतात. ही पद्धत १९३६ सालापासून चालत आली आहे. गतवर्षीं जो संघ सर्वांत दुबळा ठरला, त्यास सामान्यतः पहिली निवड मिळते. साहजिकच एकविसाव्या-बाविसाव्या वर्षांच्या मुलावर एका शहराच्या साऱ्या आशा लादल्या जातात, आणि पारख चुकली तर तिचें मोल संघाबरोबर तो मुलगाही देतो.

१९९८ सालीं दोन तरुण डोळ्यांसमोर होते : टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. दोघांत कोणास आधीं घ्यावें, ह्यावर तज्ज्ञांत खरोखरीच मतभेद होता. मॅनिंग पहिला निवडला गेला, लीफ दुसरा. पहिल्या वर्षीं लीफनें गुण मिळवून देणाऱ्या अवघ्या २ फेंकी केल्या. १५ फेंकी प्रतिपक्षानें झेलल्या. आतां मॅनिंगचें पाहा. त्याच्या गुणदायी फेंकी २६ होत्या हें खरें. पण प्रतिपक्षाच्या हातीं गेलेल्या फेंकी तब्बल २८! त्याचा संघ १६ पैकीं ३ सामने जिंकला. पुढच्या वर्षीं त्याच संघानें १६ पैकीं १३ जिंकले. मॅनिंगनें आपल्या चुकांस गुरु केलें. लीफला अपयश पचवितां आलें नाहीं. पत्रकारांशीं खटके उडाले, दुखापतींनीं गांठलें, आणि २००२ सालीं त्यानें खेळ सोडला. पुढें व्यसन आणि तुरुंगवासही त्याच्या वांट्यास आला. त्यांतून तो सावरला व इतरांस व्यसनमुक्तीचा मार्ग सांगूं लागला, ही समाधानाची गोष्ट होय. पण हें सारें १९९८ सालच्या मोजपट्टीस कसें दिसावें ?

उलट बाजूचें उदाहरण टॉम ब्रेडीचें. २००० सालीं मिशिगन विद्यापीठाच्या ह्या तरुणास १९९ व्या क्रमांकावर निवडण्यांत आलें. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाळीस यार्ड धांवण्यास त्यास ५.२८ सेकंद लागले होते. क्वार्टरबॅकच्या मानानेंही ही चाल मंदच. ह्या मंदगति खेळाडूनें पुढें सात वेळां अजिंक्यपद मिळविलें.

मग पारखणाऱ्यानें पाहावें काय ? उंची, वजन, हाताचा पंजा, धांवण्याचा वेग, हें सारें मोजतां येतें. म्हणूनच तें भुलविणारें आहे. बलाढ्य विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकपुढें भक्कम रक्षकांची भिंत उभी असते, आणि त्याचे जोडीदार खरोखरीच मोकळे सुटतात. धंदेवाईक खेळांत मोकळी जागा हातभर असते आणि क्षणांत मिटते. तेथें जोडीदार मोकळा होण्यापूर्वींच चेंडू हातून सुटावा लागतो. म्हणून साठ यार्ड दूर गेलेल्या फेंकीस टाळ्या द्याव्यात, पण तीवरून निकाल देऊं नये. तिसरा प्रयत्न आहे, आठ यार्ड हवे आहेत, रक्षकांची भिंत कोसळत आहे, अशा वेळीं त्याची नजर पहिल्या जोडीदारावरून दुसऱ्याकडे शांतपणें वळते काय ? पाय जागीं स्थिर राहतात कीं भांबावतात ? आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेल्यावर पुढच्या डावांत तो कसा वागतो ?

ह्याहून एक गोष्ट मात्र त्या मुलाच्या हातीं नसते. रोप कितीही उत्तम असो, जमीन कशी मिळते ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. ब्रेडीस एक वर्ष मुरलेल्या खेळाडूच्या मागें राहून शिकतां आलें. २००१ सालीं तो खेळाडू जखमी झाला, तेव्हां त्यास संधि लाभली. दुबळ्या संघानें पहिल्याच दिवशीं रणांगणावर ढकललेल्या मुलास ही सवड कोठून मिळणार ?

तेव्हां म्हण खोटी नव्हे. पाय दिसतात, परंतु ते किती वेगानें धांवतात ह्यापेक्षां संकटांत कसे टिकतात, हें पाहण्यास दृष्टि लागते. आणि पाहूनही जो निकाल देतांना थोडा संकोचतो, तोच खरा पारखी.