घर मागितलं सम्राटानं, दिलं राजानं
(वरणगाव इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी ‘नटसम्राट’वर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया चढल्या. ते नाटक त्यांचं, आपला काय संबंध? संबंध आहे. माझा तर जुना हिशेब आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगला या नाटकातला एक प्रवेश बसवायचा होता. बेलवलकरांची स्वगतं मला तोंडपाठ. बसवणारे सर म्हणाले, “तुझ्या जिभेला वरणगाव चिकटलंय. तू बूटपॉलिशवाला कर. शोभेल तुला.” पोरं हसली. मीही हसलो. ते हसू अजून घशात अडकलंय.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. श्रीराम लागूंनी गाजवलं. १९७४ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सांगाडा शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’चा : बापानं इस्टेट वाटायची, पोरांनी बापाला वाऱ्यावर सोडायचं. त्यात बेलवलकर जातिवंत नट. अपमान झाला की तो शेक्सपियरच्या पात्रांच्या अंगरख्यात शिरतो आणि तिथून बोलतो.

‘लिअर’मध्ये वादळात राजाला एक उघडावाघडा भिकारी भेटतो, टॉम. पण तो खरा भिकारी नाहीच. सरदाराचा पोरगा एडगर, सोंग घेतलेला. शेवटी सोंग उतरवून तो पुन्हा मानाच्या जागी जातो. बेलवलकराला भेटतो तो बूटपॉलिश करणारा पोऱ्या. नाव राजा. काळा विनोद बघा : सम्राट रस्त्यावर, आणि राजाच्या हातात ब्रश! एडगरनं सोंग उतरवलं. राजानं काय उतरवायचं?

बेलवलकर घरासाठी टाहो फोडतो तेव्हा थिएटर रडतं. मीही रडलो. खोटं कशाला बोलू? पण बाहेर आल्यावर डोक्यात किडा शिरला. ज्यानं घरदार वाटून टाकलं त्याच्यासाठी एवढे रुमाल भिजले. ज्याच्यापाशी वाटायला काहीच नव्हतं, तरी ज्यानं म्हाताऱ्याला आसरा दिला, त्याच्यासाठी किती भिजले?

खुद्द लिअर मात्र भिजता भिजता बेघर, उपाशी माणसं आठवतो आणि कबूल करतो, की मी राजा होतो तेव्हा यांच्याकडे पाहिलं नाही. चारशे वर्षांपूर्वी, एका राजाच्या तोंडून! मी ऐकलेल्या ‘नटसम्राट’च्या कौतुकात बापाचं दुःख भरभरून असतं. ही कबुली कुणी काढत नाही.

आणि भाषा? कालिदासाच्या ‘शाकुंतला’त राजा संस्कृत बोलतो. अंगठी सापडलेला कोळी प्राकृत बोलतो, आणि शिपाई त्याला चोर म्हणून बांधून आणतात. कुणी कसं बोलायचं आणि कुणी बांधलं जायचं, हे रंगमंचावर केव्हाच ठरलेलं. सरांनी मला दिलेली भूमिका त्याच उतरंडीतली.

आपले काही मित्र म्हणतात, हे सगळं जाळा. मी म्हणतो, वाचा. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून वाचू नका. राजाच्या पॉलिशच्या पेटीपाशी बसून वाचा.

पुढच्या मेळाव्यात वादळाचा प्रवेश आपण बसवू. आपल्या वरणगावच्या बोलीत. सम्राट कुणीही करा. राजाचं काम या वेळी मी स्वतः मागून घेतोय. त्या अख्ख्या नाटकात घर देणारा तोच एक आहे.

जय भीम!