सर्व्हरवरील भार : वाटणी, दोष आणि दुरुस्ती

(सिल्लोड तालुक्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिल्लोड हा कापूस पिकविणारा तालुका. हंगामात कापसाने भरलेल्या वाहनांची रांग कशी लागते, हे येथे कोणास सांगावयास नको. अशा एका आवारात चार वजनकाटे आहेत आणि फाटकावरील कर्मचारी प्रत्येक वाहनास कोणत्या काट्यावर जावयाचे ते सांगतो, अशी कल्पना करावी. चारही काटे उत्तम असले, तरी या कर्मचाऱ्याची वाटणी चुकली की एका काट्यापुढे दाटी होते आणि दुसरा रिकामा राहतो.

मोठ्या शासकीय संकेतस्थळांमागे अशीच व्यवस्था असते. तेथे सर्व्हर म्हणून ओळखले जाणारे अनेक संगणक एकच काम वाटून घेतात. त्यांच्या फाटकावर जी यंत्रणा बसविलेली असते, तिला लोड बॅलन्सर, म्हणजेच भार-वितरक, म्हणतात. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज गावोगाव ऐकू येते; परंतु सर्व्हर चालू असूनही वाटणी बिघडल्यामुळे काम अडलेले असते, असे अनेकदा घडते.

याचे मोल नागरिकास द्यावे लागते. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल खुला झाला. कोविडमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. सुमारे १५ लाख ७५ हजार विद्यार्थी निकालाच्या प्रतीक्षेत असताना संकेतस्थळे कोलमडली व कित्येक तास निकाल दिसेना. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री श्रीमती वर्षा गायकवाड यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २०२३ च्या खरिपात पीक विम्याचे अर्ज भरताना तांत्रिक अडचणी आल्या आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढते, परंतु केंद्रावर दिवसभर बसून परत गेलेल्या शेतकऱ्याची बुडालेली मजुरी परत मिळत नाही.

अशा वेळी ‘आणखी सर्व्हर बसवा’ हा उपाय प्रथम सुचतो. तो नेहमीच योग्य असतो असे नव्हे. दोषाचा शोध क्रमाने घ्यावा लागतो.

पहिली पाहणी वाटणीची. कोणत्या सर्व्हरकडे किती मागण्या गेल्या, याची नोंद ठेवलेली असते. काही ठिकाणी मागणी ज्या इंटरनेट पत्त्यावरून येते, त्यावरून सर्व्हर ठरविला जातो. मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यात मात्र हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागून येतात. परिणामी एका भागातील सर्व लोक एकाच सर्व्हरवर लोटले जातात. एका गावची सर्व वाहने एकाच काट्यावर पाठविण्यासारखेच हे होय.

दुसरी पाहणी प्रकृतीची. भार-वितरक ठराविक अंतराने प्रत्येक सर्व्हरला ‘चालू आहे काय?’ असे विचारतो. येथे एक फसवा दोष संभवतो. बिघडलेला सर्व्हर या प्रश्नास ‘होय’ म्हणतो, पण खरे काम आले की क्षणात नाकारतो. काम चटकन नाकारल्यामुळे त्याच्यापुढील रांग सर्वांत लहान दिसते आणि ज्याची रांग लहान त्याच्याकडे पाठवावे असा नियम असल्यास वितरक अधिकाधिक मागण्या त्याच्याकडेच वळवितो. मोडक्या काट्यावरून वाहने तत्काळ परत जात असतील, तर तेथे गर्दी दिसेल कशी? म्हणून नुसते ‘होय’ पुरेसे न मानता, सर्व्हर माहिती-भांडारापर्यंत पोहोचून उत्तर आणू शकतो काय, हे तपासावे लागते.

तिसरी पाहणी ओळखीची. अर्जदार एका सर्व्हरवर प्रवेश घेतो आणि त्याची पुढील मागणी दुसऱ्याकडे जाते. त्या सर्व्हरला तो अनोळखी असल्याने अर्ज अर्धवट राहतो व पुन्हा प्रवेश घेण्यास सांगितले जाते. प्रवेशाची नोंद सर्व सर्व्हरना दिसेल अशा सामाईक ठिकाणी ठेवणे हा यावरचा उपाय.

चौथी पाहणी पाठीमागची. काटे चाराचे आठ केले, पण पैसे चुकते करणारी खिडकी एकच ठेवली, तर रांग केवळ पुढे सरकते. सर्व सर्व्हर ज्या एका माहिती-भांडारावर अवलंबून असतात, तेच थकले असेल तर नवे सर्व्हर त्याचा ताण वाढवितात. येथे कामाचे स्वरूप ओळखणे अगत्याचे असते. विम्याच्या अर्जाची प्रत्येक नोंद भांडारात लिहावीच लागते. निकाल मात्र जाहीर झाल्यावर सहसा बदलत नाही. तो तयार पानांच्या रूपाने अनेक ठिकाणी आधीच ठेवता येतो.

संकेतस्थळाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी ही परीक्षा मुदतीच्या दिवशी नव्हे, आधी घ्यावयास हवी. कृत्रिम गर्दी निर्माण करून आणि एक सर्व्हर मुद्दाम बंद करून उरलेले भार पेलतात काय, ते पाहता येते. मोठा भार पेलणे अशक्य नाही. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी को-विनवर नोंदणी खुली होताच प्रारंभी अडथळा आला. तरीही पहिल्याच दिवशी १ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले.

गावपातळीवरही बरेच करता येण्याजोगे आहे. पडद्यावर दिसणारा क्रमांक टिपून ठेवावा. ५०२ म्हणजे मागील सर्व्हरकडून योग्य उत्तर आले नाही; ५०३ म्हणजे सेवा त्या वेळी उपलब्ध नाही; ५०४ म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. हा क्रमांक, वेळ आणि कोणत्या टप्प्यावर काम अडले, एवढे कळविल्यास दोष शोधणाऱ्याचे काम निम्म्याने हलके होते. ‘साईट चालत नाही’ एवढ्याने काहीच उमगत नाही. पान पुन्हा पुन्हा उघडल्याने मागण्यांची संख्याच वाढते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. पंचायत सदस्यांनी वॉर्डवार दिवस नेमून अर्ज मुदतीपूर्वी भरून घेतले, तर अखेरच्या दिवसाची गर्दी मुळातच ओसरते.

भाराची वाटणी, अशा प्रकारे, केवळ दूरच्या संगणक केंद्रात होत नाही. तिचा काही भाग ग्रामपंचायतीच्या ओसरीवरही होत असतो. दोन्हीकडे ती नीट झाली, तर शेतकऱ्यास केंद्रावर दुसरी खेप घालावी लागणार नाही.