तळव्यात लिव्हर असतं का? माझी पहिली रिफ्लेक्सॉलॉजी

आजचा एपिसोड पायांवर. हसू नका, ऐका.

मी मिहानमध्ये सपोर्टच्या नोकरीत आहे. नाइट शिफ्ट संपवून खापरीहून मेट्रो पकडतो, तेव्हा पाय दगड झालेले असतात. टीममधला मित्र कितीतरी दिवस मागे लागला होता, "अबे, एकदा रिफ्लेक्सॉलॉजी करून तर पाह्य!" आणि माझं ठरलेलं उत्तर, "थोतांड आहे ते."

शेवटी एकदा गेलोच. आधी गरम पाण्याच्या टबात पाय, मग आरामखुर्ची, मग पाऊण तास तळव्यावर अंगठ्याने दाब. भिंतीवर पायाचा मोठा चार्ट होता. बोटांशी सायनस, चवड्यावर फुप्फुसं, उजव्या पायावर लिव्हर. एका जागी दाबल्यावर मी कळवळलो, तर ते म्हणाले, "लिव्हर वीक आहे." मी मनात म्हटलं, लिव्हरचं माहीत नाही, पण बूट नवीन आहेत!

पण खरं सांगतो, मस्त वाटलं. घरी येऊन गाढ झोपलो. म्हणजे माझं 'थोतांड' म्हणणं चुकलं का? मग वाचायला घेतलं.

मला वाटायचं ही हजारो वर्षांची विद्या आहे. पण हा जो चार्ट आहे ना, तो विसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक आणलं. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्टने १९३० च्या दशकात सगळे अवयव तळपायावर मांडले. पण तळव्यातला एक ठरावीक बिंदू लिव्हरला जोडलेला असतो, असं शरीरशास्त्रात कुठेच सापडत नाही.

मग आजार बरे होतात का? २००९ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकाने १८ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा, की कोणत्याही आजारावर हा परिणामकारक उपचार आहे, असं खात्रीने दिसत नाही.

पण मग मला बरं का वाटलं? त्यात जादू काहीच नाही. कोमट पाणी, हलका दाब, पाऊण तास हातात मोबाइल नाही, आणि कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय. आमची आजी नागपूरच्या उन्हाळ्यात काशाच्या वाटीने तळवे घासून द्यायची. झोप छान लागायची. पण त्याने किडनी सुधारते, असं ती कधी म्हणाली नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. निघताना मला विचारलं गेलं, "घरी कोणाला शुगर आहे का?" म्हटलं, आईला आहे. "घेऊन या, पंधरा सीटिंगमध्ये गोळ्या कमी होतील." मी पॅकेजचे पैसे भरणारच होतो. तेवढ्यात आठवलं, हल्ली आईच्या पायातली चप्पल निसटते आणि तिला कळतसुद्धा नाही. शुगरमुळे पाय बधिर झाले असतील, तर टबातलं पाणी चटका देतंय हेही कळणार नाही. आणि अशा पायाची जखम लवकर भरत नाही.

म्हणून आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बारीक नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून विचारलं, "कळतंय का?" चार जागी आईला कळलंच नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या, गरम पाणी बंद, जोराचा दाब बंद, आणि रोज तळवे बघायचे, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पहिल्यांदा जाताय तर जरूर जा, मन मोकळं ठेवा. पण दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'छान वाटलं का?' याचं उत्तर तुमचे पाय देतील. 'आजार बरा होतो का?' याचं उत्तर पायांना विचारू नका. दुखलं तर लगेच "हळू दाबा" म्हणा. पायाला जखम असेल, एकच पाय सुजला असेल, शुगर असेल किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, तर बूट घाला आणि निघा.

मी? पुढच्या नाइट शिफ्टनंतर परत जाणार आहे. फक्त पायांसाठी.

चला, भेटू पुढच्या भागात. आज घरी गेल्यावर आईबाबांचे तळवे एकदा नक्की बघा.