आवडत्या लेखकाची नावडती कादंबरी



आवडत्या लेखकाची नवी कादंबरी हाती आली की वाचक तिच्यात पाहुण्यासारखा शिरत नाही, माहेरवाशिणीसारखा शिरतो. ओटा कुठं, माजघर कुठं, फडताळात काय ठेवलेलं असेल, हे सारं त्याला ठाऊक असतं. आणि मग कधी कधी असं होतं की, पन्नास-साठ पानं झाली तरी जीव रमत नाही. वाचक पुस्तक मिटतो आणि मुखपृष्ठावरचं नाव पुन्हा एकदा वाचून पाहतो. नाव तर तेच असतं!

तसं पाहिलं तर हे दुःख काही मोठं नव्हे. अनोळखी लेखकाचं पुस्तक रद्दड निघालं तर आपण ते आठ दिवसांत विसरतो. आवडत्या लेखकाचं मात्र मनाला लागून राहतं. कारण त्याच्या पुस्तकांत आपल्या आयुष्याची काही वर्षं गुंतलेली असतात. नवी कादंबरी फसली, म्हणजे जुन्या कादंबऱ्याही आपण उगीचच डोक्यावर घेतल्या होत्या की काय, अशी शंका मनात डोकावते. त्या शंकेचाच आज थोडा विचार करू.

या विचाराला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. ना. सी. फडके १९२६ पासून वीस वर्षांहून अधिक काळ इथल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून चित्रपटकथा लिहिण्यासाठी इथं आले आणि इथलेच झाले. मराठीतले त्या काळचे दोन सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार दहा-अकरा वर्षं एकाच गावात नांदत होते. एक कलेसाठी कला म्हणणारा, दुसरा जीवनासाठी कला म्हणणारा. त्यांच्या वादात वाचकांनीही आपापली बाजू घेतली. पण वादापेक्षा मोठी गोष्ट ही की, या दोघांवरही वाचकांनी जिवापाड प्रेम केलं आणि दोघांनीही त्यातल्या पुष्कळांना पुढं निराश केलं. दोन्ही निराशा मात्र एका जातीच्या नव्हेत.

आधी फडके घेऊ. त्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ १९१७ सालची. पण त्यांचं युग सुरू झालं ते ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या १९२८-२९ च्या कादंबऱ्यांपासून. त्या वेळच्या तरुण वाचकाला त्यांत काय मिळालं? पहिल्याच पानावर पकड घेणारी सुरुवात, चटपटीत संवाद, स्वच्छ आणि नेटकी भाषा. आणि मुख्य म्हणजे, आपण होऊन एकमेकांशी बोलणारे, भांडणारे, प्रेमात पडणारे तरुण-तरुणी. लग्न म्हणजे वडीलधाऱ्यांनी ठरवायची बाब, असा तो काळ. त्या काळी या गोष्टींनी किती मनांच्या खिडक्या उघडल्या असतील, याची कल्पना आज सहजी यायची नाही. आपलं तंत्रही फडक्यांनी लपवून ठेवलं नाही. गुंतागुंत कशी करावी, उत्कंठा कशी वाढवावी, गाठ कशी सोडवावी, हे १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी उघड सांगून टाकलं.

पुढं त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तरीपलीकडं गेली. विषय बदलत गेले, ताज्या राजकारणाचे संदर्भही आले. पण साचा बहुधा तोच राहिला. दोघांची भेट, मग गैरसमज, मग दुरावा, आणि शेवटी उलगडा. गंमत पाहा, लेखणीतली सफाई काही कमी झाली नव्हती. मग वाचक का दुरावला? एक तर, गाठ कशी बसते आणि कशी सुटते हे तो आता शिकून बसला होता. दुसरं असं की, तो स्वतः फार पुढं आला होता. मधल्या काळात महायुद्ध झालं, रेशनच्या रांगा लागल्या, बेचाळीसचा लढा झाला, फाळणी झाली, गांधीजींचा खून झाला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी वाचकाचा कान बदलून टाकला. १९५२ साली श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ आला, १९५५ साली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली, आणि १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. माणदेशच्या मेंढपाळांची वस्ती पाहून आलेला वाचक पुन्हा त्या दिवाणखान्यात येऊन बसला, तर त्याला सारं गुळगुळीत वाटणारच.

म्हणजे लेखक होता तिथंच होता आणि वाचक पुढं गेला होता. ही निराशेची पहिली जात. यात जुन्या पुस्तकाचा काही अपराध नाही. शाळेत असताना घेतलेली कोल्हापुरी चप्पल आज पायात जात नाही. म्हणून ती करणाऱ्या कारागिराचा हात वाईट होता असं कुणी म्हणतं का?

आता खांडेकर. १९३० ची ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी. तिथपासून १९४२ च्या ‘क्रौंचवधा’पर्यंत बारा वर्षांत त्यांनी दहाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ध्येयवादी नायक, शोषितांविषयीची कळकळ, आणि पानोपानी वहीत उतरून घ्यावीत अशी वाक्यं. विसाव्या वर्षी अशी वही भरणाऱ्यालाच चाळिशीत वाटू लागतं की, या सुंदर वाक्यांच्या गर्दीत माणूस कुठंतरी हरवतो आहे. इथवर ही तक्रार फडक्यांच्या वाचकासारखीच झाली. पण नंतर खांडेकरांनी एक वेगळी गोष्ट केली. ‘क्रौंचवधा’नंतर त्यांची पुढची कादंबरी ‘अश्रू’ आली ती १९५४ साली, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. आणि १९५९ साली आली ‘ययाति’.

‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ यांच्या वाचकानं ‘ययाति’ उघडली असेल तेव्हा त्याला काय दिसलं? खेड्यातली शाळा नाही, चळवळ नाही, गरीब-श्रीमंतांतली दरी नाही. महाभारतातला एक भोगासक्त राजा. आणि तो, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी आपल्याच तोंडानं सांगताहेत. ज्याला आणखी एक ‘उल्का’ हवी होती त्याची इथं निराशा होणारच. भाषेचा अलंकारांचा सोसही काही सुटलेला नव्हता. पण प्रश्न नवा होता. उपभोगानं वासना शमत का नाही, हा प्रश्न खांडेकर आता विचारत होते. आणि जग सुखसाधनांच्या मागं धावायला लागलेलं असताना विचारत होते. या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे खांडेकर हे पहिले मराठी लेखक ठरले. पुरस्कारानं कादंबरी चांगली ठरते असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की, इथं लेखक घर बदलून गेला होता आणि वाचक जुन्याच दारावर थाप मारत उभा होता. ही निराशेची दुसरी जात.

या दुसऱ्या जातीत आपला हट्ट किती बलवान असतो याचा एक विलायती दाखला आहे. आर्थर कॉनन डॉयल यांना शेरलॉक होम्सचा कंटाळा आला होता. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या, असं त्यांचं मत होतं. म्हणून १८९३ साली त्यांनी होम्सला एका धबधब्याच्या कड्यावरून नाहीसा केला. वाचक असे काही खवळले की विचारू नका. शेवटी १९०३ साली डॉयलसाहेबांना त्याला जिवंत करावं लागलं. तेव्हा लेखक साच्यात अडकतो तो निव्वळ स्वतःच्या आळसानं नव्हे; आपणही त्याला त्यात बसवत असतो. वाचनालयाच्या खिडकीशी उभे राहून आपण काय विचारतो? फडक्यांची नवी आली का? नवी म्हणतो खरं, पण मनात असते ती जुनीच, फक्त कोरी करकरीत हवी असते. त्याप्रमाणं दिली तर म्हणतो, तेच तेच लिहितात. वेगळी दिली तर म्हणतो, पूर्वीचे राहिले नाहीत. बिचाऱ्या लेखकानं करावं तरी काय?

आता कुणी म्हणेल, म्हणजे वाईट कादंबरी अशी नसतेच की काय! असते ना. लेखक थकलेला असतो, घाईत असतो, सांगण्यासारखं संपलेलं असतं आणि हात मात्र सवयीनं चालत राहतो. ही तिसरी जात. पण ती ओळखायची कशी?

एक साधी परीक्षा सुचवतो. नव्या कादंबरीनं निराशा केली तर त्याच आठवड्यात त्या लेखकाची तुम्हांला सर्वांत आवडलेली जुनी कादंबरी काढा. घरी नसेल तर वाचनालयात मिळेल. आपल्या कोल्हापुरात तर १८५० सालापासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. जुनीची तीस पानं वाचा, लगेच नवीची तीस पानं वाचा. जुनीही आता रमवत नसेल, तर बदललात तुम्ही. लेखकाला बोल लावू नका. जुनी अजून धरून ठेवते आणि नवी परकी वाटते, असं झालं तर लेखक दुसरीकडं निघाला आहे. ती कादंबरी चार-सहा महिने बाजूला ठेवा आणि पुन्हा एकदा संधी द्या. पण जुनी जिवंत आहे, आणि नवी हुबेहूब तिच्यासारखी असूनही तिच्यात धुगधुगी नाही, असं आढळलं तर खुशाल समजा, कादंबरीच फसली आहे.

आणि तसं असेल तर ते बोलून दाखवायला कचरू नका. आपल्याकडं दोन टोकं फार दिसतात. एक भक्ताचं, ज्याला दैवताचं सारंच गोड लागतं. आणि दुसरं रुसलेल्याचं, जो एका पुस्तकापायी आधीची दहा पुस्तकं अडगळीत टाकतो. यांतल्या कुणाचाच लेखकाला उपयोग नाही. ‘तुमची ती कादंबरी आम्हांला फार आवडली होती, ही आवडली नाही, आणि ती का ते सांगतो,’ असं म्हणणारा वाचक त्याला हवा असतो.

राहता राहिली ती सुरुवातीची शंका. जुन्या कादंबऱ्या आपण उगीच डोक्यावर घेतल्या होत्या काय? मुळीच नाही. ‘दौलत’ वाचून ज्याची एक रात्र जागरणात गेली, त्याची ती रात्र खरीच होती. पुढं हाती आलेली दहा निरस पुस्तकं मिळूनही ती त्याच्याकडून परत घेऊ शकत नाहीत. तेव्हा आवडत्या लेखकाची पुढची कादंबरी आली की जरूर आणा. मात्र उघडताना या वेळी थोडे पाहुण्यासारखे आत जा.