ओळखींचा बाजार आणि नोकरीचा उमेदवार



नोकरीच्या शोधांत असलेल्या तरुणास हल्लीं पहिला प्रश्न विचारला जातो तो असा कीं, ‘तूं लिंक्डइनवर आहेस ना?’ पदवी कोणती, काम काय येतें, हे प्रश्न मागाहून. ज्यांच्या घरीं ह्या वयाचीं मुलें आहेत, परंतु ज्यांनीं स्वतः ही वस्तु पाहिली नाहीं, अशा वडील मंडळींकरितां तिचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. पूर्वीं अर्ज सुवाच्य अक्षरांत लिहावा, दाखल्यांच्या नकला जोडाव्या, आणि मामा-काकांपैकीं कोणाची कचेरींत ओळख असल्यास हळूच तिचा उपयोग करावा, अशी रीत होती. ह्या तिन्ही गोष्टी आतां एकाच पडद्यावर आल्या आहेत. उमेदवार आपलें नांव, छायाचित्र, शिक्षण व अनुभव तेथें मांडून ठेवतो, परिचितांशीं धागा जोडतो, आणि त्या परिचितांचे परिचितहि त्यास दिसूं लागतात. वशिला हा शब्द आपल्याकडे खालच्या आवाजांत उच्चारला जात असे. त्याचेंच ‘नेटवर्किंग’ असें नामकरण होऊन तो आतां सद्गुणांत जमा झाला आहे!

लिंक्डइन हें ह्या प्रकारचें सर्वांत मोठें संकेतस्थळ. तें 2003 सालीं अमेरिकेंत सुरू झालें, 2016 सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तें 26.2 अब्ज डॉलर देऊन विकत घेतलें, आणि 2023 सालीं सभासदांची संख्या 100 कोटींवर गेल्याचें त्याच्या चालकांनीं जाहीर केलें. त्यांपैकीं 10 कोटींहून अधिक सभासद भारतांतील आहेत.

त्याचा उपयोग मुळींच नाहीं असें मी म्हणणार नाहीं. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें 1973 सालीं एका प्रसिद्ध निबंधांत असें दाखविलें कीं, नव्या नोकरीची वार्ता जिवलग मित्राकडून येण्यापेक्षां तोंडओळखीच्या माणसाकडून येण्याचा संभव अधिक असतो. कारण जिवलगांस जें ठाऊक असतें तें बहुधा आपणांसहि ठाऊकच असतें. पुढें 2022 सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत लिंक्डइनच्या सुमारें 2 कोटी सभासदांवर पांच वर्षें केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतूनहि ह्या मताला बऱ्याच अंशीं पुष्टि मिळाली. परंतु ह्या प्रयोगाची दुसरी बाजू अशी कीं, कोणास कोणाची ओळख सुचवावयाची हें निरनिराळ्या सभासदांच्या बाबतींत मुद्दाम कमीअधिक करून पाहण्यांत आलें, आणि आपल्यावर असा कांहीं प्रयोग चालला आहे ह्याची त्या सभासदांना वार्ताहि नव्हती. ज्याच्या वांट्यास कमी उपयोगी ओळखी आल्या असतील, अशा एखाद्या बेकार माणसाचें त्या पांच वर्षांत काय झालें असेल, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

येथें मूळ प्रश्न उपस्थित होतो, तो असा कीं, ह्या दुकानाचें भाडें कोण भरतो? उमेदवारास प्रवेश विनामूल्य असतो. उत्पन्न येतें तें माणसें हुडकण्याचें साधन विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून, जाहिरातदारांकडून, आणि ‘प्रीमियम’ ह्या नांवाखालीं मासिक वर्गणी देणाऱ्या सभासदांकडून. ह्या शेवटच्या वर्गांत बेकारच पुष्कळ असतात; कारण चार महिने उत्तर न आलेल्या माणसास ‘थोडें द्रव्य भरल्यास तुझा अर्ज उठून दिसेल’ हें आश्वासन नाकारणें कठीण जातें. एखाद्या वधूवरसूचक मंडळाची मिळकत लग्नें जुळण्यावर अवलंबून नसून स्थळें पाहात राहण्यावर अवलंबून असली, तर त्या मंडळास घाई कशाची असणार? चालक दुष्ट आहेत असें माझें म्हणणें नाहीं. त्यांचें हित आणि उमेदवाराचें हित कांहीं अंतरापर्यंत एका वाटेनें जातें आणि नंतर फुटतें, इतकेंच.

आतां अर्जांच्या महापुराकडे वळूं. एक कळ दाबतांच अर्ज रवाना होतो, ही सोय मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु जी सोय मला आहे ती माझ्या शेजाऱ्यासहि आहे. 2025 च्या मध्यास ‘न्यू यॉर्क टाइम्स’नें दिलेल्या वृत्तानुसार लिंक्डइनवरून मिनिटास सरासरी 11,000 अर्ज जात होते, आणि आदल्या वर्षापेक्षां हें प्रमाण 45 टक्क्यांनीं वाढलेलें होतें. इतके अर्ज वाचावयास माणसें आणावीं कोठून? मग चाळणीहि यंत्राचीच लागते. यंत्र अर्ज चाळतें हें कळल्यावर उमेदवारहि यंत्राकडूनच अर्ज लिहवून घेतो. येणेंप्रमाणें एक यंत्र लिहितें व दुसरें वाचतें. आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो मनुष्य मध्यें कोठेंच नसतो. नकाराचें पत्र येणेंहि आतां दुर्मिळ झालें आहे. जुन्या कचेरींतील कारकून ‘जागा भरली’ एवढें तरी दारांत येऊन सांगे.

ह्याहून वाईट प्रकार म्हणजे अस्तित्वांतच नसलेल्या जागांच्या जाहिराती. कंपनी वाढत आहे असा देखावा करावा, पुढेंमागें उपयोगीं पडतील म्हणून नांवें गोळा करून ठेवावीं, किंवा कामावर असलेल्यांस ‘तुमच्या जागीं येणारे पुष्कळ आहेत’ हें न बोलतां दाखवावें, असे हेतु त्यांच्या मुळाशीं असतात. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतानें ह्याची दखल घेतली. तेथें 1 जानेवारी 2026 पासून 25 अथवा अधिक नोकर असलेल्या मालकानें जाहिरात देतांना जागा खरोखर रिकामी आहे कीं नाहीं हें लिहिलें पाहिजे, आणि मुलाखत दिलेल्या उमेदवारास 45 दिवसांच्या आंत निकाल कळविला पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडील पदवीधर एका पदाकरितां पांच-पांच मुलाखती देऊन महिनोन् महिने वाट पाहात बसतात, हें लक्षांत घेतां असा नियम येथेंहि व्हावा असें मला वाटतें.

पडद्यावर मांडलेली माहिती कोण पाहतो, हा त्यापुढील प्रश्न. जो नोकरींत राहून दुसरी नोकरी शोधीत आहे त्याची स्थिति विशेष नाजूक असते. 2020 पासून छायाचित्राभोंवतीं हिरवें कडें लावून ‘मी कामास मोकळा आहें’ असें जाहीर करण्याची सोय लिंक्डइनवर आहे. ही गोष्ट केवळ माणसें शोधणाऱ्यांसच दिसावी असेंहि ठरवितां येतें. तथापि आपल्याच कंपनीच्या माणसांपासून ती पूर्णपणें लपेलच अशी हमी खुद्द चालकहि देत नाहींत. अमेरिकेंत हायक्यू नांवाची एक कंपनी सभासदांचीं उघडीं पानें गोळा करून, कोणता नोकर सोडून जाण्याचा संभव आहे ह्याचें भाकीत त्याच्या मालकास विकत असे! लिंक्डइननें तिला 2017 सालीं अटकाव केला, आणि त्यावरून सुरू झालेला खटला 2022 पर्यंत चालला. ह्या तंट्यांत दोन्ही पक्षांचे वकील होते. ज्या नोकरांचीं पानें गोळा झालीं त्यांचा मात्र कोणीच नव्हता.

स्वतः लिंक्डइनची वागणूकहि निष्कलंक नाहीं. 2012 सालीं तेथील सांकेतिक शब्दांची चोरी झाली, आणि तींत 10 कोटींहून अधिक खातीं सांपडल्याचें 2016 सालीं उघडकीस आलें. सभासदांच्या वर्तनाचा अभ्यास करून त्यांस जाहिराती दाखविण्याच्या कामीं कायदा मोडल्याबद्दल आयर्लंडच्या नियामकानें 2024 च्या ऑक्टोबरांत 31 कोटी युरो दंड केला.

परंतु आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर मला सर्वांत चिंता वाटते ती नांवाची व चेहऱ्याची. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल ह्यांनीं 2007 सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत साडेपांचशेंच्या आसपास जाहिरातींना एकंदर 4,808 अर्ज पाठविले होते. पात्रता सारखी, फरक होता तो नांवांत. उच्चवर्णीय हिंदु नांवाच्या तुलनेनें दलित नांवाच्या अर्जास बोलावणें येण्याची शक्यता सुमारें दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नांवाच्या अर्जास सुमारें एक-तृतीयांश आढळली. हे अर्ज खाजगी कंपन्यांस टपालानें गेलेले होते. त्यांवर छायाचित्र नव्हतें, मित्रपरिवार नव्हता. आतां आडनांवाच्या जोडीस चेहरा आला, पदवीच्या सालावरून वय आलें, कोणत्या जयंतीचीं अभिनंदनें केलीं तें आलें, आणि ओळखी कोणत्या वर्गांतील आहेत तेंहि आलें. महाराष्ट्रांत तर आडनांवावरून गांव आणि पुष्कळदां जातहि ताडण्याची कला मुलाखत घेणाऱ्यास शिकवावी लागत नाहीं. ज्याच्या घराण्यांत पूर्वीं कोणी कचेरीची पायरी चढला नाहीं, त्यास ओळखींचें भांडवल आणावयाचें कोठून? ज्याचे वडील, आत्या, वर्गबंधु सर्व मोठ्या हुद्द्यांवर आहेत त्याच्या ओळखी आपोआप फळतात. उघड्या मैदानाच्या नांवाखालीं जुनाच वाडा पुन्हा बांधला जाण्याचें भय येथें आहे.

आणि हें सर्व इंग्रजींत. 2024 पासून संकेतस्थळाचा मराठी वेष उपलब्ध आहे खरा, पण त्यावरील बोलणें-चालणें इंग्रजींतच होतें. तेंहि एका विशिष्ट सुरांतलें: ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो कीं...’ दुसऱ्यांच्या बढत्यांचें हें अखंड कीर्तन बेकार मुलानें रोज सकाळीं ऐकावयाचें, आणि वर टाळहि वाजवावयाचे!

फसवणुकीविषयीं सांगितल्यावांचून मात्र मला थांबतां येत नाहीं, कारण येथें गोष्ट जिवावर बेतते. 2022 च्या सप्टेंबरांत भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानें इशारा दिला कीं, संगणकाचें शिक्षण घेतलेल्या तरुणांना सामाजिक माध्यमांवरील जाहिरातींनीं व दलालांमार्फत थायलंडमध्यें नोकरीचें आमिष दाखविलें जातें, आणि तेथून बेकायदा सीमेपलीकडे म्यानमारमध्यें नेऊन कोंडून ठेवलें जातें. तेथें त्यांच्याकडून पडद्यावरून इतरांस फसविण्याचें काम बळजबरीनें करवून घेतात. 2025 च्या मार्चांत अशा केंद्रांतून सुटलेल्या 500 हून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. हे तरुण मूर्ख नव्हते. कंपनीचें बोधचिन्ह, पत्रव्यवहाराची सफाई, मुलाखतीचा थाट ह्यांवरून विश्वास ठेवावयास आपण सारेच शिकलेले आहोंत.

तेव्हां ज्यांस हें साधन वापरणें प्राप्त आहे, आणि आज ते पुष्कळ आहेत, त्यांनीं कांहीं व्यवहार सांभाळावे. जाहिरात दिसल्यावर त्याच कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे काय, हें पाहून मगच अर्ज करावा. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक हीं उघड्या पानावर घालूं नयेत. प्रशिक्षणाच्या, गणवेशाच्या वा संगणकाच्या नांवाखालीं कोणी अगोदर पैसे मागितले तर तेथेंच बोलणें बंद करावें. परदेशच्या नोकरीसाठीं दलालाचें नांव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट ह्या संकेतस्थळावरील नोंदींत आहे काय, तें अवश्य पाहावें. नोंदलेल्या दलालासहि 30,000 रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक मोबदला घेण्याचा अधिकार नाहीं. आणि दिवसाकाठीं शंभर कळा दाबण्यापेक्षां, ज्या दोन ठिकाणीं खरोखर काम करण्याची इच्छा आहे तेथील एखाद्या माणसास दहा ओळींचें स्वतःच्या शब्दांतलें पत्र लिहावें. त्या पत्रास उत्तर आलें नाहीं, तर आठ दिवसांनीं एकदां स्मरण द्यावें, आणि पुढच्या पत्रास लागावें.